पेट्रोल, सिलिंडर, सीएनजी: भाव वाढवतं कोण आणि पुण्यातल्या घरखर्चात ते किती घुसतात? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाव हलला की त्याच दिवशी हे प्रश्न पुन्हा यायला लागतात. बरेचसे प्रश्न शब्दांनी वेगळे पण गाभ्याने एकच असल्यामुळे ते एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे. हिशेब २०२५ पर्यंतच्या दरांवर केलेत. भाव बदलले तर आकडा बदलून घ्या, रीत तीच राहते.

१. एका वाक्यात सांगा, दोष कोणाचा? दिल्लीचा, मुंबईचा, अरबांचा की पंपवाल्याचा?

भाव चढतो तो बहुतेक वेळा जगातल्या घडामोडींमुळे, पण जगात उतरल्यावरही आपल्याकडे चढलेलाच राहतो तो दिल्ली आणि मुंबईच्या तिजोऱ्यांमुळे. हे उत्तर कुठल्याच पक्षाच्या कार्यकर्त्याला आवडत नाही. केंद्रवाले राज्याचा व्हॅट दाखवतात, राज्यवाले केंद्राचं उत्पादन शुल्क दाखवतात, आणि दोघांचंही निम्मं खरं असतं. पंपवाल्याशी हुज्जत घालणं मात्र निव्वळ आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

२. पुण्यात लिटरभर पेट्रोलला जे पैसे देतो, त्यातले कोणाला किती जातात?

२०२५ च्या मध्याला पुण्यात पेट्रोल १०३-१०४ रुपयांच्या घरात होतं. त्याची ढोबळ फोड अशी: कच्चं तेल, शुद्धीकरण, कंपनीचा नफा आणि वाहतूक मिळून साधारण ५३ रुपये. केंद्राचं उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे. राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अधिभार, म्हणजे २४ च्या आसपास. उरलेले चार-साडेचार रुपये पंपचालकाचं कमिशन, ज्यातून त्याने कामगार, वीज आणि कार्डाचं यंत्र भागवायचं.

दोन्ही सरकारांचे मिळून ४६ रुपये होतात. केंद्राच्या वाट्यातला मोठा भाग उपकर आणि विशेष शुल्काच्या नावाने येतो आणि तो राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. म्हणूनच केंद्राला ‘शुल्क’ वाढवण्यापेक्षा ‘उपकर’ वाढवणं जास्त सोयीचं पडतं.

३. राज्याने व्हॅट वाढवलेला नसतानाही राज्याची कमाई वाढते, हे कसं?

व्हॅट टक्क्यात असतो आणि केंद्राच्या शुल्कासकट असलेल्या किमतीवर लागतो. म्हणजे करावर कर. माल महागला किंवा दिल्लीने शुल्क वाढवलं, की मुंबईत कोणी बोटही न हलवता जमा वाढते.

उलटही होतं, आणि त्याचा मजेदार नमुना मे २०२२ मध्ये दिसला. केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क ८ रुपयांनी आणि डिझेलवरचं ६ रुपयांनी कमी केलं. दुसऱ्या दिवशी राज्याने आपणही पेट्रोलवर २ रुपये ८ पैसे आणि डिझेलवर १ रुपया ४४ पैसे कपात केल्याचं जाहीर केलं. तेव्हा मुंबई पट्ट्यात पेट्रोलवर २६ टक्के आणि डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता. आठाचे २६ टक्के काढा, २.०८ येतात. सहाचे २४ टक्के, १.४४. कपात आपोआपच झाली होती, राज्याने फक्त ती वाचून दाखवली.

खरी कपात जुलै २०२२ मध्ये, सरकार बदलल्यावर झाली: पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये. आधीचा इतिहासही कोणा एका पक्षाचा नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरला दोन रुपयांची भर पडली, २०१७ मध्ये आणखी, २०२० मध्ये पुन्हा. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क कमी केल्यावर अनेक राज्यांनी व्हॅट उतरवला, महाराष्ट्राने नाही. त्याच महिन्यात आपल्याकडे आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क मात्र निम्मं झालं होतं.

४. २०१४ मध्ये कच्चं तेल १०८ डॉलर होतं तेव्हा पेट्रोल ऐंशीला मिळायचं. २०२५ मध्ये तेल ७० डॉलर आणि पेट्रोल शंभरावर. ही सरळ लूट नाही का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्याचं अर्धं उत्तर डॉलरमध्ये लपलेलं आहे. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. २०१४ च्या मध्याला डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता. १०८ गुणिले ६०, भागिले १५९: लिटरला जवळपास ४१ रुपये. २०२५ साठी ७० डॉलरचा बॅरल आणि ८८ रुपयांचा डॉलर धरा: लिटरला ३९ रुपये. म्हणजे डॉलरमध्ये तेल तिसऱ्या हिश्शाने उतरलं, पण रुपयात जेमतेम दोन रुपयांनी. रुपया घसरल्याची किंमत आपण पंपावर मोजतो. या भागाला ‘लूट’ म्हणता येणार नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र करात आहे. मे २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचं शुल्क ९ रुपये ४८ पैसे होतं, डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे. एप्रिल २०२५ नंतर तेच २१.९० आणि १७.८० झालं. पेट्रोलवरच्या या साडेबारा रुपयांच्या वाढीवर आपल्या राज्याचा २५ टक्के व्हॅट चढतो, म्हणजे पंपावर साडेपंधरा रुपये. बाकी फरक राज्याचा अधिभार, वाढलेलं कमिशन आणि कंपन्यांचा नफा यात वाटला जातो.

५. पण आधीच्या सरकारने ऑइल बॉण्ड काढून ठेवले, ते फेडायला कर लावावा लागला ना?

बॉण्ड खरे होते. २००५ ते २०१० या काळात सुमारे १ लाख ३४ हजार कोटींचे बॉण्ड, म्हणजे रोख भरपाईऐवजी पुढे फेडायचे कर्जरोखे, तेल कंपन्यांना दिले गेले आणि त्यांचं ओझं पुढच्या सरकारवर पडलं. ती टीका रास्त आहे.

पण प्रमाण बघा. एकट्या २०२०-२१ या वर्षात पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला सुमारे ३.७ लाख कोटी मिळाले. सगळ्या बॉण्डांच्या मुद्दलाच्या अडीच पटींहून जास्त, एका वर्षात. बॉण्ड हे कर वाढवण्याचं एक कारण असू शकतं, एकमेव नाही.

६. लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल मातीमोल झालं होतं. तेव्हा आपल्याकडे पेट्रोल स्वस्त का नाही झालं?

दोषाची वाटणी करायची तर हाच प्रसंग सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. एप्रिल २०२० मध्ये जगभर भावाचं माप मानलं जाणारं ब्रेंट तेल २० डॉलरच्या खाली गेलं, अमेरिकेतला एक वायदा तर एक दिवस शून्याखाली उतरला. केंद्राने मार्चमध्ये ३ रुपये आणि मेमध्ये पेट्रोलवर १०, डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. पेट्रोलवरचं शुल्क १९.९८ वरून ३२.९८ झालं. पंपावरचा आकडा त्या दिवशी हलला नाही, त्यामुळे कोणी ओरडलंही नाही. उतरलेल्या भावाचा फायदा आपल्यापर्यंत यायच्या आधीच करात जिरला.

साथीच्या काळात सरकारला पैसा हवा होता हे कारण खोटं नव्हतं. अडचण पुढे झाली. २०२१ मध्ये तेल पुन्हा महागलं, शुल्क तिथेच राहिलं, आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली.

७. भाव रोज सकाळी ठरतात म्हणतात. मग वर्षानुवर्षे एकच आकडा कसा दिसतो?

कागदावर पेट्रोल जून २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळं झालं. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला भाव बदलू लागले. प्रत्यक्षात निवडणूक आली की यंत्र झोपी जातं. कर्नाटकच्या निवडणुकीआधी २०१८ मध्ये १९ दिवस. उत्तर प्रदेशसह पाच राज्यांच्या वेळी नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस, आणि मग २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या पंधरवड्यात एकदम दहा रुपये. त्यानंतर करकपात वगळता भाव गोठले. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, १५ मार्च २०२४ ला, दोन रुपये उतरले.

गोठलेला भाव नेहमी ग्राहकाच्या विरोधात जातो असं नाही. २०२२ मध्ये तो आपल्या फायद्याचा होता. पुढचा प्रश्न पाहा.

८. रशियाचं स्वस्त तेल घेतलं, ते गेलं कुठे?

बहुतेक कंपन्यांच्या ताळेबंदात. युक्रेन युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, नंतर तो एक तृतीयांशाच्या वर गेला. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांना मिळून १८ हजार कोटींहून अधिक तोटा झाला, कारण तेल महाग आणि भाव गोठलेला. पण २०२३-२४ मध्ये याच तिघींनी मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा कमावला. तोटा भरून काढू देणं समजू शकतं. तो भरून निघाल्यावर ग्राहकाच्या हाती दोनच रुपये का आले, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

९. जीएसटीत आणलं की प्रश्नच मिटेल ना?

पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू हे पाच पदार्थ जीएसटीच्या बाहेर ठेवलेत. जीएसटी परिषदेने तारीख ठरवली की ते आत येऊ शकतात. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि ही वेळ नाही म्हणून बाजूला पडला.

का, ते प्रश्न २ च्या आकड्यांवरून कळतं. करापूर्वीचे ५७-५८ रुपये धरून ४० टक्के जीएसटी लावला तरी पेट्रोल ८० च्या आसपास येतं आणि सरकारांचे लिटरमागे २३ रुपये बुडतात. विरोधात असताना सगळे जीएसटी मागतात, सत्तेत आल्यावर हिशेब करतात. शिवाय घरगुती सिलिंडर जीएसटीतच आहे, पाच टक्क्यांच्या टप्प्यात. तो २०२० च्या मध्याला सहाशेच्या आत होता आणि २०२३ मध्ये अकराशेला भिडला.

१०. मुंबई, पुणे, परभणी: भाव वेगवेगळे का?

कर नव्हे, अंतर. जुलै २०२४ पासून व्हॅट सगळ्या राज्यात सारखा आहे. पुण्याला मुंबईहून लोणी काळभोरच्या डेपोपर्यंत पाइपलाइन आहे, तिथून टँकर. परभणीला टँकर थेट मनमाडहून जातो.

११. आमच्या घरी एकच दुचाकी. भाववाढीचा नेमका फटका किती?

धायरीहून हिंजवडीला जाणारा माणूस घ्या. रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, गाडी लिटरला ४० देते. साधारण साडेसव्वीस लिटर, म्हणजे २,७०० रुपयांच्या थोडं वर. त्यातले १,२०० रुपये निव्वळ कर. पेट्रोल दहा रुपयांनी वाढलं तर महिन्याला २६५ रुपये जास्त.

आता हीच गाडी मोकळ्या रस्त्यावर ४५ देते असं धरा. भूमकर चौकातली कोंडी तिला ४० वर आणते, तेव्हा जवळपास तीन लिटर, म्हणजे तीनशे रुपये, उभ्या उभ्या जळतात. दहा रुपयांच्या भाववाढीपेक्षा कोंडी महाग पडते. तिच्यासाठी मात्र मोर्चा निघत नाही.

पर्यायही स्वस्त राहिले नाहीत. जून २०२५ मध्ये पीएमपी बसचा मासिक पास ९०० वरून १,५०० झाला.

१२. डिझेल वाढलं की भाजीवाले लगेच भाव चढवतात. ते खरं कारण असतं का?

थोडं खरं, बरंचसं निमित्त. नारायणगावहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येणारा टोमॅटोचा पिकअप घ्या. २० किलोचे ७५ क्रेट, दीड टन माल. जाऊन-येऊन १६० किलोमीटर, लिटरला दहा धरले तर १६ लिटर डिझेल. डिझेल दहा रुपयांनी वाढलं तर खेपेला १६० रुपये जास्त, किलोमागे ११ पैसे. आग्र्याचा बटाटा बाराशे-तेराशे किलोमीटरवरून येतो. १५ टनांचा ट्रक लिटरला चार किलोमीटर देत असेल तर तीच वाढ किलोमागे वीस-बावीस पैसे पडते.

मग टोमॅटो वीसचा चाळीस का होतो? पाऊस, करपा, आवक. डिझेलने एवढी उडी होत नाही.

दोन गोष्टी मात्र या हिशेबात दिसत नाहीत. ट्रॅक्टरच्या नांगरटीचं भाडं डिझेलबरोबर वाढतं आणि ते शेतकऱ्याच्या अंगावर पडतं, कारण यार्डात भाव तो ठरवत नाही. आणि वाहतूकदार भाडं पैशात नाही, शंभराच्या नोटेत वाढवतो. डिझेल उतरल्यावर ती नोट परत येत नाही. शाळेच्या व्हॅनचंही तसंच.

१३. सिलिंडरची सबसिडी बँकेत यायची, ती कधी आणि का बंद झाली?

कोणी जाहीर करून बंद केली नाही. मे २०२० मध्ये बाजारभाव इतका खाली आला की सबसिडी आपोआप शून्यावर गेली. पुढे भाव चढला, सबसिडी सर्वसाधारण ग्राहकाला परत सुरू झाली नाही. घरगुती गॅसच्या गरजेपैकी सुमारे साठ टक्के आयात होते आणि तिचा भाव सौदीच्या मासिक दरावर चालतो, हे खरं. पण घरगुती सिलिंडर किती वाढवायचा हा निर्णय दिल्लीत होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दोनशे आणि मार्च २०२४ मध्ये शंभर रुपये कमी झाले, एप्रिल २०२५ मध्ये पन्नास वाढले, आणि पुण्यात तो साडेआठशेच्या थोडा वर गेला. चौघांच्या घरात वर्षाला आठ-नऊ टाक्या लागतात, म्हणजे पन्नासच्या वाढीचे वर्षाला चारशे-साडेचारशे.

उज्ज्वलाच्या जोडणीला टाकीमागे ३०० रुपये मिळतात. २०२५-२६ मध्ये त्यासाठी वर्षाला नऊ टाक्यांची मर्यादा घातली गेली, आधी ती बारा होती.

१४. लाडकी बहीण मिळते, तरी अन्नपूर्णा योजनेचे तीन मोफत सिलिंडर का मिळत नाहीत?

बहुतेक वेळा गॅसची जोडणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असते. २०२४ च्या या योजनेत जोडणी त्या महिलेच्या नावावरच लागते. एजन्सीत नावबदल करून घ्यावा लागतो. आणि मोफत म्हणजे आधी पूर्ण पैसे भरायचे, ते नंतर खात्यात येतात.

१५. मेसवाल्या काकू म्हणतात गॅस महागला म्हणून ताटाला दहा रुपये जास्त. पटतं का?

मेसला १९ किलोची व्यावसायिक टाकी लागते. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, सबसिडी नाही, आणि भाव दर महिन्याच्या एक तारखेला हलतो. एका टाकीत अडीचशे ते तीनशे ताटं निघतात असं धरलं, तर टाकी शंभरने वाढल्यावर ताटामागे तेहतीस ते चाळीस पैसे होतात. दहा रुपये गॅसचे नाहीत. ते नवी पेठेतल्या जागेच्या भाड्याचे, खाद्यतेलाचे आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या पगाराचे असतात, जे वाढायलाच हवेत. काकूंना कारण म्हणून गॅस सांगणं सोपं जातं, कारण तो सगळ्यांनाच माहीत आहे.

१६. राज्याने सीएनजीवरचा कर कमी केला होता, तरी तो नव्वदीत कसा गेला?

१ एप्रिल २०२२ ला राज्याने व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. पुण्यात सीएनजी किलोला ६२ रुपयांच्या आसपास आला. नेमक्या त्याच तारखेला केंद्राने, सीएनजी ज्यापासून बनतो त्या देशी नैसर्गिक वायूचा दर २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर केला, दुपटीहून जास्त. आयात वायू युद्धामुळे भडकलेलाच होता. ऑगस्टमध्ये पुण्यात दर ९१ झाला. एप्रिल २०२३ मध्ये देशी वायूचा दर कच्च्या तेलाच्या भावाच्या दहा टक्क्यांशी जोडला आणि वर साडेसहा डॉलरची मर्यादा घातली, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. २०२४ च्या अखेरीस शहरी वितरकांना मिळणारा हा स्वस्त वायूचा कोटा कापला गेला. राज्याने करात सोडलेले पैसे ग्राहकाच्या हातात टिकले नाहीत, आणि या खेपेला दोष मुंबईचा नव्हता.

१७. सीएनजी उतरला तेव्हा रिक्षाचं भाडं का उतरलं नाही?

भाडं रिक्षावाला नाही, प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. १ सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये. त्यात इंधनाबरोबर गाडीची किंमत, विमा आणि दुरुस्तीही धरलेली असते. मीटरने यायचं की नाही, हा वेगळा आणि पुण्यात बराच जुना प्रश्न आहे.

१८. वीस टक्के इथेनॉल मिसळतात, मग पेट्रोल स्वस्त का नाही? आणि ॲव्हरेज पडलं ते खरं की भास?

२०२५ मध्ये तेल कंपन्यांना इथेनॉल वाहतूक आणि करासकट सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटर पडत होतं. प्रश्न २ मधल्या ५३ रुपयांशी ताडून बघा. ते पेट्रोलपेक्षा महाग आहे. फायदा परकीय चलनाचा आणि उसाला गिऱ्हाईक मिळण्याचा आहे, पंपावरच्या ग्राहकाचा नाही.

ॲव्हरेज पडणं भास नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. जुन्या दुचाकीला तीन-चार टक्के घट नीती आयोगाच्या अहवालातच मान्य केलेली आहे. प्रश्न ११ मधल्या धायरीच्या आपल्या माणसाला ते महिन्याला ८० ते ११० रुपये.

१९. पाइप गॅस घ्यावा की सिलिंडरच बरा?

एक घरगुती सिलिंडर म्हणजे साधारण १८ घनमीटर पाइप गॅस. बिलावरचा घनमीटरचा दर १८ ने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडा. भाड्याच्या घरात असाल तर जोडणी मालकाच्या नावे होते आणि अनामत कोणी भरायची हे करारात लिहून घ्या.

२०. पंपावर माप कमी मिळालं किंवा टाकी आणणाऱ्याने वरचे तीस रुपये मागितले तर?

हा भाववाढीचा प्रश्न नाही, पण खिशाचा आहेच. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं आणि ते लावून दाखवा म्हणायचा हक्क ग्राहकाला आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. सिलिंडरच्या पावतीतल्या रकमेत घरपोच पोचवणं धरलेलं असतं. जिना कितीही मजल्यांचा असो, त्यावर एक रुपया देणं बंधनकारक नाही. आणि टाकी दारात असतानाच वजन करून मागा: टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन अधिक १४.२ किलो.